फोडणीतली मोहरी आणि फेसलेली मोहरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ब्रोकोलीवर आलेला लेख वाचला. भाजीची ओळख, फोटो, पाककृती सगळे नेटके आहे. पण त्यात एक वाक्य असे आहे की त्यापायी पुढचा सगळा स्वयंपाक चुकतो. ‘ब्रोकोलीत सल्फोराफेन भरपूर असते’ हे ते वाक्य. (सल्फोराफेन म्हणजे पेशींची संरक्षक एन्झाइमे वाढवणारे, ब्रोकोलीचे नाव ज्यामुळे झाले ते गंधकयुक्त द्रव्य.) अखंड, न चिरलेल्या ब्रोकोलीत सल्फोराफेन जवळजवळ नसतेच. ते चिरताना आणि चावताना तयार होते. हा शब्दांचा कीस नव्हे. त्याच लेखाखालच्या पाककृतीत ब्रोकोली चिरून लगेच कुकरला लावा आणि दोन शिट्ट्या काढा असे सांगितले आहे. म्हणजे ज्यासाठी एवढ्या महागाची भाजी घरात आणली, तेच तयार होऊ द्यायचे नाही.

हे समजायला ब्रोकोलीपर्यंत जायलाही नको, मिसळणाच्या डब्यातली मोहरी पुरते. चार दाणे तसेच गिळले तर काहीच जाणवत नाही. दाताखाली फोडले तर आधी कडवट लागतात आणि दोन-चार सेकंदांनी झणका नाकात जातो. कोरडी मोहरी कुटली तर झणका नसतो. तीच थोड्या पाण्यात वाटली की डोळ्यांतून पाणी येते. दाणा फुटणे आणि पाणी मिळणे, या दोन्ही गोष्टी लागतात.

याचे कारण असे की मोहरीच्या कुळातल्या वनस्पती गंधकयुक्त ग्लुकोसिनोलेटे एका जागी साठवतात आणि त्यांना तोडणारे मायरोसिनेज हे एन्झाइम दुसऱ्या जागी ठेवतात. एका खोलीत फटाक्याची दारू, शेजारच्या खोलीत पेटवायची काडी. अळीने पान कुरतडले किंवा आपण सुरी चालवली की मधली भिंत पडते, एन्झाइम ग्लुकोसिनोलेटातली साखर सोडवते आणि उरलेल्या भागातून आयसोथायोसायनेट नावाची तिखट द्रव्ये बनतात. झाडाने ही व्यवस्था किडीला हाकलायला केली आहे, आपल्या तब्येतीसाठी नव्हे. कोबीवर येणाऱ्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळीने मात्र यावर तोड काढली आहे. तिच्या पोटात असे एन्झाइम असते, की ते ग्लुकोसिनोलेटावरचा सल्फेटचा तुकडा आधीच तोडून टाकते. काडी पेटायच्या आत दारू ओली!

कुळ एक असले तरी प्रत्येकाची दारू वेगळी. ब्रोकोलीत मुख्यतः ग्लुकोराफेनिन, त्यापासून सल्फोराफेन. आपल्या मोहरीत सिनिग्रिन आणि ग्लुकोनापिन. कोबीत सिनिग्रिनबरोबर ग्लुकोब्रासिसिन, ज्यापासून इंडोल-3-कार्बिनॉल बनते. मुळ्याचे आणखी निराळे. फ्लॉवर, नवलकोल, सलगम आणि बाळंतिणीच्या लाडवांतले अळीवसुद्धा याच कुळातले. आपल्या लेखाच्या चौकटीत पालक आणि लेट्यूसही याच यादीत घातले आहेत. पालक राजगिऱ्याच्या कुळातला, लेट्यूस सूर्यफुलाच्या. ओळखायची खूण सोपी आहे: फुलावर आलेला मुळा किंवा मोहरी पाहा. समोरासमोर चार पाकळ्या, अधिकच्या चिन्हासारख्या.

सल्फोराफेनचे नाव झाले ते 1992 पासून. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल तलालय यांच्या गटाने ते ब्रोकोलीतून वेगळे केले आणि पेशीतली निर्विषीकरणाची एन्झाइमे त्यामुळे वाढतात हे दाखवले. याचा अर्थ ते स्वतः विष खात नाही. पेशीत केपवन नावाचे प्रथिन एनआरएफटू या दुसऱ्या प्रथिनाला धरून ठेवते. सल्फोराफेन ही पकड ढिली करते, एनआरएफटू पेशीकेंद्रात जाते आणि संरक्षक एन्झाइमे बनवणारी जनुके चालू होतात. ही एन्झाइमे पुढे काही काळ काम करत राहतात, त्यामुळे व्हिटॅमिन सीसारखा याचा हिशोब ‘किती मिलिग्रॅम खाल्ले’ एवढ्यावर संपत नाही. चीनमधल्या चिडोंग भागात 291 जणांवर 12 आठवडे झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2014 मध्ये आले. मोड आलेल्या ब्रोकोलीचे पेय रोज घेणाऱ्यांच्या लघवीतून बेंझीनचे निर्विष केलेले रूप 61 टक्के आणि अॅक्रोलीनचे 23 टक्के जास्त बाहेर पडले. प्रदूषित हवेतून शरीरात गेलेली द्रव्ये जास्त बाहेर टाकली गेली, एवढेच त्यातून सिद्ध होते. कॅन्सर टळला असे त्यातून निघत नाही, आणि तसे म्हणूही नये.

आता कुकरकडे येऊ. ब्रोकोली, कोबी, फ्लॉवर यांतले मायरोसिनेज 70 अंशांच्या आसपास काही मिनिटांत निकामी होते. कुकरमध्ये 115 अंशांच्या पुढे तापमान जाते. चिरल्या चिरल्या भाजी त्यात घातली की काडी विझते आणि दारू तशीच राहते. भरपूर पाण्यात उकळून पाणी ओतून दिले तर दारूही विरघळून मोरीत जाते. तशी भाजी खाल्ली तर सगळे वाया जात नाही, आतड्यातले जिवाणू थोडे काम करतात. पण त्यातून साधारण एक दशांशच हाती लागते आणि तेही माणसागणिक फार बदलते. एन्झाइम जिवंत असेल तर एक तृतीयांशापर्यंत मिळू शकते. फ्रोझन ब्रोकोलीचेही तेच: गोठवण्याआधी ती गरम पाण्यातून किंवा वाफेतून काढतात, त्यात एन्झाइम जाते.

मग कच्चेच खावे का? तेही सरसकट बरोबर नाही. ब्रोकोलीत आणखी एक प्रथिन असते, ते ही प्रक्रिया आडवाटेला नेते आणि सल्फोराफेनऐवजी नायट्राइल बनते, ज्याचा तसा उपयोग नाही. हे आडमुठे प्रथिन 60 अंशांच्या आसपास मोडते, मायरोसिनेज त्याहून थोडा जास्त तग धरते. त्यामुळे हलकी वाफ दिलेली ब्रोकोली या बाबतीत कच्चीपेक्षा सरस ठरते. मोदकपात्रात पाणी आधी खळखळू द्यावे, मग पाव किलो तुरे चाळणीवर एका थरात पसरावेत. तुरे बोटाच्या पेराएवढे, दांडा सोलून पातळ चकत्या करून. तीन मिनिटे पुरतात. रंग एकदम लख्ख हिरवा होतो, दांड्यात सुरी जाते पण किंचित करकरते. तिथेच थांबावे आणि लगेच ताटात पसरावे. झाकून तसेच ठेवले तर गॅस बंद केल्यावरही आतली वाफ शिजवतच राहते आणि रंग शेवाळी होतो. रंग गेला म्हणजे एन्झाइमही गेले असे समजायला हरकत नाही.

वाफवलेली करकरीत भाजी आपल्याकडे फारशी रुचत नाही हे मान्य. भाकरीबरोबर मऊ शिजलेली भाजीच लागते. त्यासाठी उपाय आहे तो क्रम बदलण्याचा: आधी चिरावे, थांबावे, मग हवे तेवढे शिजवावे. एकदा सल्फोराफेन बनले की त्याला एन्झाइमची गरज उरत नाही, आणि बेताच्या शिजवण्यात ते बऱ्यापैकी टिकते. चीनमधल्या 2018 च्या एका अभ्यासात बारीक चिरून दीड तास ठेवून परतलेल्या ब्रोकोलीत, चिरून लगेच परतलेल्या ब्रोकोलीच्या 2.8 पट सल्फोराफेन मिळाले. घरात दीड तास कोण थांबणार? अर्धा-पाऊण तासही उपयोगी आहे. सकाळच्या डब्याच्या घाईत फक्त कामांची अदलाबदल करायची: उठल्यावर आधी भाजी धुऊन चिरून झाकून ठेवायची, मग कणीक मळायची, पोळ्या लाटायच्या आणि भाजी शेवटी फोडणीला टाकायची. आपल्याकडे बहुतेक घरांत हे नेमके उलटे चालते.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे चिरून मग धुणे. चिरलेल्या कापांतून रस सुटलेला असतो, तो नळाखाली वाहून जातो. गड्डा अखंड असताना वरची दोन-तीन पाने काढून धुवावा, फ्लॉवर मोठ्या फांद्या करून मिठाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवावा म्हणजे अळ्या वर येतात, निथळावा आणि त्यानंतर बारीक चिरावा. दुसरी चूक जाड चिरण्याची. जिथे सुरी फिरते तिथेच भिंती पडतात. कोबी दोन-तीन मिलिमीटरचा चिरला तर थांबण्याला अर्थ आहे, चौकोनी फोडी करून थांबलात तर आतल्या भागात काहीच घडलेले नसते.

कोबीच्या भाजीत हरभऱ्याची डाळ घालतात तिथे आणखी एक गोम आहे. डाळ तासभरच भिजवलेली असते, ती कच्ची राहू नये म्हणून कोबी वीस-पंचवीस मिनिटे शिजवला जातो. जितका वेळ जास्त, तितकी गंधकाची उग्र वासाची द्रव्ये जास्त, आणि मग पोरे नाक मुरडतात. दोष डाळीचा, बोल कोबीला. डाळ तीन तास भिजवून किंवा वेगळी वाफवून घ्यावी, झाकणावर पाणी ठेवून कोबी पाच-सहा मिनिटांत उतरवावा. कोबीच्या पचडीला मात्र कसलीच काळजी नको. वरून ओतलेली दोन चमचे तेलाची फोडणी कितीही चुरचुरली तरी पाव किलो कच्च्या कोबीचे तापमान तीनेक अंशांनीच वाढते.

आता शीर्षकातल्या मोहरीकडे. फोडणीत तडतडलेल्या मोहरीतले एन्झाइम मेलेले असते. तिथे ती खमंगपणासाठी आहे आणि फोडणी सोडा असे सांगायला आम्ही काही वेडे नाही. पण कच्च्या मोहरीतले मायरोसिनेज ब्रोकोलीतल्यापेक्षा उष्णतेत जास्त टिकते आणि दुसऱ्या भाजीतली दारूही पेटवून देते. म्हणजे भाजीतली काडी विझली असेल तर बाहेरून दुसरी काडी लावता येते. ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठात 2018 मध्ये 12 जणांना 200 ग्रॅम शिजवलेली ब्रोकोली एकदा नुसती आणि एकदा 1 ग्रॅम मोहरीची पूड भुरभुरून दिली. पूड घातली तेव्हा लघवीत सापडलेले सल्फोराफेनचे रूप चौपटीहून अधिक होते. एक ग्रॅम म्हणजे छोटा अर्धा चमचा पूड. कच्च्या मोहरीची, भाजलेल्या नव्हे. गॅस बंद करून भाजी खाण्याजोगी कोमट झाल्यावर घालायची. उकळत्या भाजीत टाकली तर तीही विझते.

पूड नको असेल तर आपली फेसलेली मोहरी आहेच. केळ्याच्या, काकडीच्या कोशिंबिरीत ती घालायची पद्धत आता मागे पडत चालली आहे. एक छोटा चमचा मोहरीची डाळ किंवा मोहरी खलबत्त्यात कोरडीच भरड करावी, मग एक मोठा चमचा साधे पाणी घालून पांढरट फेस येईपर्यंत वाटावी आणि दहा मिनिटे झाकून ठेवावी. झाकायचे कारण असे की झणका उडून जाणारा असतो. नंतरच दही, लिंबू, मीठ. दही किंवा लिंबू आधी घातले तर आंबटपणाने एन्झाइमचा वेग मंदावतो आणि मोहरी कडूच राहते. गरम पाण्यात वाटली तरी तेच, मिक्सर बराच वेळ फिरवून भांडे तापले तरी तेच. ‘मोहरी नीट फेसली नाही तर कडू लागते’ हे जुन्या बायका सांगत त्यात रसायनशास्त्र पक्के आहे. कडू असते ते न तुटलेले सिनिग्रिन. ते तुटले की कडवटपणा कमी होतो आणि झणका वाढतो. हेच सिनिग्रिन काळ्या मोहरीतून ब्युसी या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1840 च्या सुमारास वेगळे काढले.

मुळ्याला मात्र थांबायचा नियम लावू नये. त्यातले तिखट द्रव्य पाण्यात फार अस्थिर असते, अर्ध्या तासात बरेचसे मोडते. मुळा किसायचा तो जेवणाची पाने मांडताना. साल काढू नये, घासून धुवावा. मुळ्यातली काडी, म्हणजे एन्झाइम, बरीचशी सालीतच असते. किसलेल्या मुळ्याला मीठ चोळून पाणी पिळून टाकण्याची सवय तर सगळ्यात नुकसानीची. थालीपिठासाठी पिळलाच, तर त्याच पाण्यात पीठ भिजवावे. शाळूच्या भाकरीबरोबर शेतात कचाकचा चावून खाल्लेला मुळा हा या सगळ्या उपायांत सर्वांत बिनचूक, कारण तिथे चिरणे, थांबणे, फेसणे सगळे दातच करतात. बाजारात डिंगऱ्या (मुळ्याच्या शेंगा) दिसल्या तर त्याही कच्च्या तोंडी लावाव्यात. अळिवाच्या लाडवांत गूळ-खोबऱ्याबरोबर शिजताना एन्झाइम जाते. ते लाडू लोह आणि उष्मांकासाठी खावेत, या यादीत धरू नयेत.

मोडांबद्दल. तीन दिवसांच्या ब्रोकोलीच्या मोडांत, मोठ्या गड्ड्याच्या तुलनेत, तेवढ्याच वजनात 10 ते 100 पट ग्लुकोराफेनिन असू शकते, हे 1997 मध्ये तलालय यांच्याच गटाने दाखवले. त्यावरून घरोघरी बरण्या लागल्या आहेत. त्यांना दोन इशारे. शेतीसाठीच्या पाकिटातले बियाणे कधीही मोड आणून खाऊ नये. गुलाबी, निळा, हिरवा रंग दिसतो तो बुरशीनाशकाचा असतो आणि धुऊन पुरता जात नाही. खाण्यासाठी म्हणून विकलेलेच बी घ्यावे. दुसरे, सांगली-मिरजेच्या एप्रिल-मेमध्ये हा उद्योग करू नये. मोडांना लागणारी ऊब आणि ओल साल्मोनेला, ई. कोलाय यांनाही मानवते. थंडीत, दिवसातून तीन वेळा धुऊन, तीन-चार दिवसांत खाऊन संपवावेत. आंबूस वास आला की पूर्ण बरणी फेकावी. गरोदर स्त्रिया, म्हातारी माणसे, केमोथेरपी चालू असलेले रुग्ण यांनी कच्चे मोड खाऊच नयेत. मोहरी मटकीसारखी फडक्यात बांधली की तिचा चिकट बुळबुळीत गोळा होतो आणि आतून कुजते. ती ओल्या फडक्यावर पातळ पसरावी.

थायरॉइडची भीती अनेकांना असते. या भाज्यांतली काही द्रव्ये थायरॉइडच्या आयोडिन घेण्यात आडवी येतात हे खरे, पण प्रमाण पाहावे. 2010 मध्ये नोंदली गेलेली एक प्रसिद्ध घटना 88 वर्षांच्या बाईंची आहे. त्या कित्येक महिने रोज एक ते दीड किलो कच्ची पाकचोई (चिनी कोबीचा एक प्रकार) खात होत्या आणि थायरॉइड मंदावून बेशुद्धावस्थेत गेल्या. आयोडिनयुक्त मीठ वापरणाऱ्या घरात वाटीभर कोबीने असे होत नाही. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी रोज सकाळी कच्च्या कोबीचा ग्लासभर रस पिण्याचा हट्ट मात्र सोडावा. रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन किंवा असेनोकुमरॉल घेणाऱ्यांनी हिरव्या पानांचे, ब्रोकोलीचे प्रमाण एकाएकी वाढवू नये आणि एकाएकी बंदही करू नये. त्यातल्या व्हिटॅमिन के-मुळे गोळीचा डोस बिघडतो.

मिरज हे दवाखान्यांचे गाव. तिथे कॅन्सरच्या उपचाराला येणाऱ्यांच्या नातेवाइकांना कोणी ना कोणी ब्रोकोलीच्या कॅप्सूल सुचवतेच. भाजीच्या अर्काची कॅप्सूल सुकवताना एन्झाइम गेले असेल तर आत उरते नुसती दारू, काडीविना. एन्झाइम असले तरी उपचार चालू असताना शरीराची औषधे बाहेर टाकणारी यंत्रणा आपल्या मनाने चेतवणे धोक्याचे आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा गोळ्या घेऊ नयेत. भाजी खावी, ती औषध म्हणून नव्हे.

कोबी-फ्लॉवर लावणाऱ्या शेतकरी वाचकांसाठी थोडेसे. ही द्रव्ये गंधकावर बनतात. डीएपी खतात गंधक नसते. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये 16 टक्के स्फुरदाबरोबर 11 टक्के गंधक येते. जमिनीत गंधक कमी असेल तर लागणीला सुपर फॉस्फेट वापरण्यात पिकाचाही फायदा आहे. आणि चौकोनी ठिपक्यांच्या पतंगासाठी कोबीच्या दर 25 ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी, एक लागणीच्या 15 दिवस आधी आणि दुसरी लागणीनंतर 25 दिवसांनी. झणक्याच्या वासाने पतंग मोहरीवर आधी उतरतो. तिथेच त्याचा बंदोबस्त केला तर गड्ड्यावरच्या फवारण्या वाचतात. मोहरीवर फवारायला विसरलात तर मात्र आपणच पतंगाची नर्सरी वाढवली असे होते.

आपल्याला विनंती एवढीच: पुढच्या अंकात पालक आणि लेट्यूसची दुरुस्ती छापावी, आणि त्या पाककृतीतल्या ‘चिरून लगेच कुकरमध्ये दोन शिट्ट्या’ या ओळीऐवजी ‘बारीक चिरून पाऊण तास झाकून ठेवावी, मग कढईत झाकण ठेवून पाच मिनिटे, उतरवून कोमट झाल्यावर अर्धा छोटा चमचा कच्च्या मोहरीची पूड’ असे द्यावे. ब्रोकोलीच्या जागी फ्लॉवर किंवा कोबी घेतला तरी हीच कृती चालते, हेही कंसात टाकता आले तर बरे.

आपले,
अन्नशास्त्र शिकवणारे दोघे,
सांगली